शेतकरी काढून टाकतो ती हरळी आणा: सांगलीत कमी पैशात दारातलं लॉन आणि बाग

घर बांधून झालं की पुढे दोनशे-अडीचशे स्क्वेअर फूट जागा उरते, तिथे खडी, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे पडलेले असतात आणि घरात ठरतं की इथे लॉन करूया. मग नर्सरीत विचारायला गेलं की तयार लॉनचा फुटाचा भाव, वर लाल मातीची ट्रॉली, वर मजुरी, असा आकडा ऐकून निम्मे लोक घरी येतात आणि सरळ फरशी टाकून मोकळे होतात. मला त्या फरशीचं खरंच वाईट वाटतं. सांगलीत मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, फरशी रात्री दहापर्यंत तापलेली असते, आणि त्याच गल्लीत ज्याच्या दारात गवत आहे तिथे संध्याकाळी खुर्ची टाकून बसता येतं. म्हणून हे सगळं लिहितेय, ज्यांनी आजवर कुंडीसुद्धा लावलेली नाही त्यांच्यासाठी.

एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पैसे गवतावर घालवायचे नाहीत, मातीवर घालवायचे. गवत, म्हणजे हरळी, आपल्याकडे फुकट मिळतं.

आधी पाणी मोजा, मग जागा ठरवा

बहुतेकजण जागा बघून लॉन करतात, उलटं करा. उन्हाळ्यात लॉन हिरवंगार ठेवायचं तर आठवड्याला साधारण एक इंच पाणी लागतं. एक इंच म्हणजे किती तर २०० स्क्वेअर फुटाला जवळजवळ ४७० लिटर, म्हणजे हजार लिटरची टाकी असेल तर निम्मी टाकी आठवड्याला. हे परवडणार असेल तर २०० फूट करा, नसेल तर १०० करा आणि उरलेल्या जागेत झाडं लावा, झाडांना एवढं लागत नाही.

पाईपने किती पाणी पडतंय हे कळायला एकदा २० लिटरची बादली पाईपखाली ठेवून मोबाईलवर वेळ लावा. दोन मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे २०० फुटाला आठवड्यात मिळून पाऊण तास पाणी पुरे. आमच्या ओळखीत एकजण रोज अर्धा तास पाईप सोडायचे, आठवड्याला साडेतीन तास होतात ते! गवत पिवळं पडतंय म्हणून अजून पाणी द्यायचे आणि ते जास्त पाण्यानेच पिवळं पडत होतं.

बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो का बघा. वाळवा, मिरज, शिरोळ पट्ट्यात जास्त पाण्याने जमिनी क्षारपड झाल्यात हे आपण सगळे बघतोच, तेच लहान प्रमाणात अंगणात होतं. क्षाराचं पाणी असेल तर रोज थोडं थोडं देणं सगळ्यात वाईट, पाणी वरच्यावर उडून जातं आणि मीठ वर राहतं. आठवड्यातून दोनदाच द्या पण भरपूर, मुळाखाली जाईल असं. फिल्टरचं वाया जाणारं पाणी आणि वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी काळ्या मातीला रोज घालू नका, माती आवळते. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला.

आणि ऊन बघा. दिवसात पाच-सहा तास ऊन येत नसेल तिथे हरळी विरळ होते, तिथे लॉनचा हट्ट नको, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

माती, इथेच सगळं आहे

मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती तुम्ही करू नका. आपली काळी माती चिकट आहे, भेगा पडतात, लॉनला लाल मातीच लागते असं कुणीतरी सांगितलं म्हणून एक ट्रॉली लाल माती विकत घेतली. दिसायला सुंदर होती. पंधरा दिवसांनी पाऊस पडला आणि त्यातून एका रात्रीत लव्हाळा वर आला, सगळीकडे. लव्हाळा उपटला की वरचं पान हातात येतं आणि खाली ती काळी गाठ तशीच राहते, एकीला दुसरी जोडलेली, माळेसारखी. दोन वर्षं मी खुरपं घेऊन त्या गाठी काढत होते. त्यामुळे आता कुणी माती आणायची म्हटलं की मी सांगते, आधी त्यातली चार-पाच घमेली बाजूला पसरा, पाणी मारा, दहा दिवस थांबा, काय उगवतंय बघा आणि मग ट्रॉली सांगा.

खरं तर बाहेरून माती लागतच नाही. काळी माती म्हणजे वाईट नव्हे, पाणी आणि खत धरून ठेवते, फक्त तिला भुसभुशीत करावं लागतं. त्यात वाळू ओतू नका. थोडी वाळू आणि चिकट माती एकत्र वाळली की विटेसारखी होते. काळ्या मातीवर औषध एकच, कुजलेलं खत.

काम एप्रिलमधे सुरू करा. आधी खडी-विटा वेचा, सिमेंटचे गोळे तर हमखास काढा. मग एक दिवस पाणी सोडून भिजवा आणि वापसा यायची वाट बघा. शेतकऱ्याच्या घरातल्यांना वापसा सांगायला नको, पण नव्या माणसाने असं करायचं: टिकावाने सहा इंच खालची माती काढायची, मुठीत दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकायचा. लाडू तसाच चपटा होऊन राहिला तर माती अजून ओली आहे, खणली तर ढेकळं होतील. लाडू बांधलाच जात नसेल तर फार वाळलीय, टिकाव लागणार नाही. खाली पडून तीन-चार तुकड्यात फुटला, तो वापसा. काळ्या मातीत हा वापसा दोन-तीन दिवसच असतो, त्यात वीतभर खणून घ्या. ओल्या मातीत घाईने खणलेलं पुढे वर्षभर सुधारत नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतेय.

खणल्यावर उतार काढा, घराकडून रस्त्याकडे, दहा फुटाला इंच-सव्वा इंच. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते लेव्हलची, ती अर्ध्या तासासाठी मागून घ्या. उतार नसेल तर जुलैमधे पाणी साचतं आणि त्या खळग्यात गवत सडतं.

मग पुन्हा पाणी मारून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने दाबून टाका आणि मे महिनाभर तसंच राहू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातलं तणाचं बी बरंचसं मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने पूर्ण मरत नाहीत, त्याला खुरपंच. पण गाजर गवत, केना, दुधी यांचा त्रास पुष्कळ कमी होतो आणि खर्च फक्त प्लास्टिकचा.

खत कुठून आणायचं

शेणखत ट्रॉलीने ब्रासवर मिळतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि २०० स्क्वेअर फुटावर एक इंच थर द्यायला १७ घनफूट लागतं. म्हणजे एका ब्रासमधे गल्लीतल्या पाच-सहा घरांचं भागतं. एकट्याने घेऊ नका, शेजाऱ्यांना विचारा, वाटून घेतलं की माणशी खर्च किरकोळ होतो.

पण खत घेताना हात घालून बघा. पूर्ण कुजलेलं शेणखत काळपट, सुटं असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही, पावसाळी मातीचा येतो. अर्धवट कुजलेलं घेतलं तर त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. उसाच्या पट्ट्यात राहतो आपण, हुमणी काय करते हे सांगायला नको. इंग्रजी सी सारखी वळलेली पांढरी अळी, तोंड तपकिरी. खताच्या ढिगात एक जरी दिसली तरी ते खत पसरून दोन दिवस उन्हात टाका, साळुंक्या आणि कोंबड्या अळ्या वेचतात, मग वापरा.

फुकटचं खत म्हणाल तर आपल्यासारखं नशीबवान गाव नाही. उन्हाळ्यात प्रत्येक चौकात उसाच्या रसाचं दुकान असतं, त्यांच्याकडे चिपाडाचा ढीग लागतो आणि पोतं घेऊन गेलं की बहुतेकजण देतात. चिपाड लगेच मातीत गाडू नका, ते कुजताना मातीतलं नत्र खातं आणि झाडं पिवळी पडतात. कोपऱ्यात ढीग करा, एक थर चिपाड, एक थर किचनचा ओला कचरा, वर मूठभर शेणखत, आणि ओल राहू द्या. गोडाला मुंग्या येतात पहिले काही दिवस, येऊ देत, पाणी मारलं की जातात. चार-पाच महिन्यांत खत होतं. ऊसतोडीच्या दिवसात पाचटही, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, मिळतं, ते झाडांच्या बुडाला आच्छादन म्हणून घाला, पाणी निम्म्यावर येतं. आणि गल्लीत झाडलेला पाला कुणी जाळत असेल तर त्यांना म्हणा, जाळू नका, मला द्या.

आता गवत

लॉनसाठी नर्सरीत दोन-तीन प्रकार दाखवतात. मेक्सिकन दिसायला गालिच्यासारखं, पण पाणी आणि लाड फार मागतं. सिलेक्शन वन म्हणून जे विकतात ते मुळात हरळीचंच निवडलेलं बारीक वाण आहे. आणि हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वा.

माझी हरळी आली माझ्या मामेसासऱ्यांच्या शेतातून. मी विचारल्यावर ते बघतच राहिले, म्हणाले, "अगं सूनबाई, ती काढायला आम्ही मजूर लावतो, किती पाहिजे तेवढी ने, वर चहा पिऊन जा." जूनच्या आधी मशागत चालू असते तेव्हा बांधावर हरळीच्या काशांचे, म्हणजे पेरं असलेल्या लांब काड्यांचे, ढीग पडलेले असतात. ओळखीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. २०० फुटाला दोन-तीन पोती पुरतात. फक्त बांधावरून आणताना त्यात लव्हाळ्याच्या गाठी आहेत का हे एकेक जुडी झटकून बघा. सावलीत ओल्या पोत्यात ठेवा, दोन दिवसात लावून टाका.

लावायच्या दोन पद्धती आहेत. एक चोपणी, म्हणजे दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यायचा, काडीने भोक पाडायचं, दोन पेरं मातीत आणि शेंडा बाहेर, चार-चार बोटांवर. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात, पण सगळी मुलं बसली की होतं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, काश्या विळीवर किंवा कोयत्याने दोन-दोन इंच कापायच्या, शेण, माती आणि पाण्याचा भज्याच्या पिठाएवढा दाट काला करायचा, त्यात त्या कालवायच्या आणि सारवल्यासारखं अर्धा इंच जाडीचं जमिनीवर पसरायचं. वरून चाळलेली माती पातळ भुरभुरायची. इथे ताजं शेण चालतं कारण थर पातळ असतो, हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात ते आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या ढिगात.

वेळ मात्र चुकवू नका. वळवाचा पाऊस बघून लगेच लावलं आणि नंतर पंधरा दिवस उघडीप पडली तर रोज पाणी मारावं लागतं. मृगाचा पाऊस दोन-तीनदा नीट होऊ द्या, मग लावा. जुलैची संततधार सुरू व्हायच्या आत मुळं धरली पाहिजेत, नाहीतर काला वाहून जातो. आठ-दहा दिवसात हिरवे टिपके दिसतात. त्या काळात कुणी पाय ठेवायचा नाही, कुत्रंसुद्धा नाही, मी चारी बाजूंनी जुन्या साडीची पट्टी बांधली होती. अडीच-तीन महिन्यात भरतं.

हरळीवर माझा एवढा जीव का तेही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी आमच्या अंगणात कमरेएवढं आलं. ओसरल्यावर सगळ्यावर गाळ, कडेची फुलझाडं काळी पडून गेलेली, शेजारचं विकतचं लॉन कुजून वास मारत होतं. घर धुवायच्या नादात लॉनकडे बघायला वेळच नव्हता, वरवरचा जाड गाळ तेवढा फावड्याने ओढून काढला. २ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्या सकाळी गाळाच्या भेगांमधून हरळीचे कोंब वर आलेले दिसले. पूर येणाऱ्या भागात राहत असाल तर दुसऱ्या गवताचा विचारही करू नका. गाळ अर्ध्या इंचापेक्षा कमी असेल तर हात लावू नका, जास्त असेल तर ओला आहे तोवर ओढून काढा, वाळला की दगड होतो.

कापणं आणि खाऊ घालणं

गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी. मशीन घ्यायची गरज नाही, गवत कापायची लांब पात्याची कात्री पुरते, विळ्याचा हात असेल तर विळाही चालतो. हाताने ढकलायचं मशीन घ्यायचंच तर चार घरात मिळून एक घ्या. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, बुडापर्यंत भादरलं की मुळं उघडी पडतात आणि तणाला जागा होते. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात दीड-दोन इंच उंच राहू द्या म्हणजे गवताची स्वतःची सावली मातीवर राहते. एक कोपरा न कापता सोडा, भाद्रपदात तीन पात्यांच्या दूर्वा तिथेच मिळतात.

खताला जीवामृत करा, गूळ आपल्याकडे महाग नाही. २० लिटर पाण्यात १ किलो देशी गाईचं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम डाळीचं पीठ आणि बांधावरची किंवा वडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, तिसऱ्या दिवसापासून वापरा आणि आठवड्यात संपवा. एका मगाला दहा मग पाणी मिसळून झारीने घाला, महिन्यातून एकदा. युरिया टाकायचाच असेल तर २०० फुटाला पावणेदोनशे ग्रॅमच्या वर नको आणि टाकल्या टाकल्या पाणी, पान ओलं असताना तर अजिबात नको, जळलेले ठिपके पडतात.

कडेची झाडं आणि सावलीचा कोपरा

झाडं विकत घेऊ नका, मागा. जूनमधे कुणाच्याही घरी गेलात की जास्वंद, मोगरा, तगर, अनंत, क्रोटनची फांदी मागा, कुणी नाही म्हणत नाही. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका, खालची पानं काढून टाकायची, वर दोनच ठेवायची, तीही मोठी असतील तर अर्धी कापा. मोकळ्या मातीत निम्मी रोवा आणि हलवून बघायचा मोह टाळा, मूळ फुटलंय का म्हणून उपटून बघण्यातच निम्म्या फांद्या मरतात. दहा लावल्या की सहा-सात जगतात. कुंपणाला कोयनेल, फांदी खोचली की येते, जनावर तोंड लावत नाही. कण्हेर सुंदर दिसते पण सगळी विषारी आहे, लहान मुलं असतील तर आत नको. दसऱ्याच्या झेंडूच्या माळा निर्माल्यात टाकण्याआधी चार फुलं वाळवून ठेवा, पुढच्या वर्षीचं बी झालं.

आणि ते सावलीचं, जिथे आंब्याखाली किंवा भिंतीकडेला गवत येत नाही तिथे हळद लावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मधे भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात आणि आपल्याच दारात हळद नाही! मे-जूनमधे शेतकऱ्याकडून अर्धा-एक किलो जेठे गड्डे, म्हणजे हळदीचे मधले मोठे कंद, आणा, फुटाफुटावर दोन इंच खोल लावा, वर पाचटाचं आच्छादन. पावसाळ्यात केळीसारखी रुंद पानं येतात, कोपरा भरून जातो, नागपंचमीला पातोळ्यांना पानं होतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की खणा, घरचं लोणचं होईल एवढी ओली हळद निघते, त्यातलेच गड्डे पुढच्या वर्षी लावायला ठेवा.

किडी

घाबरून लगेच औषध आणू नका. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर पाईपच्या जोरदार धारेने धुवून काढा, जास्त भरलेली फांदी कापून टाका. मग ५० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जूनमधे झाडाखाली पडलेल्या असतात, वेचून वाळवून ठेवा.

हुमणीचं ओळखायचं असं, लॉनवर पिवळा पट्टा पडतो आणि तिथलं गवत धरून ओढलं तर सतरंजीसारखं उचलून येतं, कारण खाली मूळच नसतं. तिथे खणून अळ्या वेचा, दुसरा सोपा उपाय नाही. त्यापेक्षा मे-जूनच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे बसतात तेव्हा फांद्या हलवून खाली पाडा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. चार-पाच संध्याकाळी केलं की वर्षाचा त्रास वाचतो.

पहिला उन्हाळा

पाणी कमी पडलं तर झाडांना द्या, लॉनला राहू दे. एप्रिलमधे हरळी पिवळी पडते, मग पार वाळकी, तांबूस दिसते आणि घरातले म्हणतात गेलं सगळं, खणून टाका. खणू नका. पंधरा दिवसातून एकदा रात्री थोडं भिजवा, बास. शंका आली तर एक काशी उचला, पेराजवळ नखाने खरवडा, आतून पांढरट-हिरवी ओल दिसली की ती जिवंत आहे, परत मातीत दाबून ठेवा आणि मृगापर्यंत तिच्याकडे बघू नका.